बोटींचं शेड आवरायचंय? आधी महिनाभर थांबा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरात तळ्याकाठी तुमचा कयाकिंगचा छोटा क्लब आहे. चाळीस बाय पंधरा फुटांचं पत्र्याचं शेड, त्यात बावीस बोटी, पन्नासेक वल्ही, लाइफ जॅकेटांचा ढीग आणि दहा-बारा वर्षांत साठलेलं "असू दे, लागेल कधीतरी". पंधरा जण मदतीला तयार आहेत, दोन रविवार हातात आहेत. सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

रविवारपासून करू नका, हे माझं पहिलं उत्तर. मी एका क्लबचं साहित्य चौदा वर्षं सांभाळलं आणि पहिली आवराआवर अशीच रविवारी सकाळी सातला सुरू केली होती. वीस माणसं आली. दहा वाजेपर्यंत शेड रिकामं, सगळं सामान मैदानात. काय जोर होता सगळ्यांना! मग पहिली फुटकी फायबरची बोट पुढं आली आणि मी विचारलं, "ही टाकायची ना?"

"टाकायची कशाला? पॅच मारला की चालतीय."

"अण्णा, हिचं बूडच गेलंय की."

"बूड गेलं म्हणून काय झालं, हिच्यावर आमची पहिली बॅच शिकलीय."

या एका बोटीवर पंचवीस मिनिटं गेली. तेवढा वेळ बाकीचे अठरा जण झाडाखाली उभे. त्यातले सहा जण अकरा वाजता "जरा घरी जाऊन येतो" म्हणाले आणि परत आलेच नाहीत. सप्टेंबरचे दिवस होते. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं, तेव्हा तोवर टिकलेल्या आठ जणांनी हाताला येईल ते आत कोंबलं. जे आधी बाहेर काढलं होतं तेच आधी आत गेलं, जे रोज लागतं ते सगळ्यात मागं. मंगळवारी मुलं सरावाला आली तर एकाही वल्ह्यापर्यंत हात पोचत नव्हता. पालकांनी मला विचारलं, "ताई, रविवारी नेमकं केलंत काय?"

तेव्हापासून एक नियम पाळते : आवरायच्या दिवशी एकही निर्णय घ्यायचा नाही. काय ठेवायचं, काय दुरुस्तीला टाकायचं, काय भंगारात द्यायचं हे सगळं आधीच ठरलेलं असलं पाहिजे. रविवारी येणारी माणसं उचलायला येतात. त्यांना उचलू द्या.

ठरवायला महिनाभर आधीचा एक दिवस काढा. सरावाला सुट्टी असेल तो वार धरा, आमच्याकडे गुरुवार असायचा. त्या दिवशी तीनच माणसं शेडमध्ये हवीत : साहित्य सांभाळणारं एक, रोज मुलांना पाण्यात उतरवणारं एक आणि कार्यकारिणीतलं, ज्याच्या सहीला किंमत आहे असं एक. चौथा माणूस आला की चर्चा सुरू होते. तिघांत मतभेद झाले तर शब्द रोज पाण्यावर असणाऱ्याचा चालेल, हेही आधीच ठरवून घ्या. अध्यक्षांचा नको. अध्यक्ष बोटीत बसून किती वर्षं झाली, ते तुम्हाला माहीत असेलच.

चार रंगांच्या चिकटपट्ट्या आणा. हिरवी म्हणजे रोज लागतं. पिवळी म्हणजे महिन्यातून किंवा स्पर्धेला लागतं. निळी म्हणजे दुरुस्ती, पण निळ्या पट्टीवर दुरुस्ती कोण करणार त्याचं नाव आणि तारीख लिहायची. नाव सापडलं नाही तर ती वस्तू आपोआप लाल. लाल म्हणजे जाणार. आमच्याकडे निळ्यातल्या निम्म्या वस्तू "नाव कोणाचं टाकू?" एवढ्या एकाच प्रश्नावर लाल झाल्या.

लाल पट्टी लावली की लगेच फेकता येत नाही, आणि महिनाभर थांबा म्हणते ते यासाठीच. तुमचा क्लब नोंदणीकृत संस्था किंवा न्यास असेल तर प्रत्येक बोट डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असते. ती कमी करायची तर कार्यकारिणीच्या सभेत निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव हवा, यादीसकट. भंगाराचे पैसे पावती फाडून खात्यात जमा झाले पाहिजेत. सरकारी अनुदानातून आलेल्या वस्तूंची यादी वेगळी करा आणि अनुदान देणाऱ्या कार्यालयाला आधी लेखी विचारा, त्यांच्या अटी वेगळ्या असतात. आणि सदस्यांच्या खासगी बोटी! प्रत्येक क्लबात दोन-तीन असतातच, मालक पुण्याला नोकरीला गेलेला, बोट इथं धूळ खात पडलेली. त्यांना ग्रुपवर नव्हे, वैयक्तिक निरोप पाठवा, तीस दिवसांची मुदत द्या, फोटो काढून ठेवा. मुदत संपेपर्यंत अशा बोटीला कोणी हात लावायचा नाही. एका क्लबात कुणाची तरी जुनी बोट भंगारात गेली आणि ती भेट मिळालेली होती, असं नंतर कळलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

आता महिना कुठला धरायचा ते. एप्रिल-मे नको, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पारा चव्वेचाळिसाकडे गेला की पत्र्याच्या शेडमध्ये माणूस अर्धा तास टिकत नाही. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, तोही टाळा. जानेवारीच्या मध्यावर सिद्धरामेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा, तेव्हा निम्मं गाव होम मैदानावर असतं, एकही माणूस मिळणार नाही. दिवाळीनंतर ते डिसेंबरअखेर हा उत्तम काळ, तो हुकला तर फेब्रुवारी. कामाची वेळ सकाळी साडेसहा ते अकरा. दुपारी काम ठेवूच नका.

गुरुवारी शेडमध्ये पहिलं पाऊल टाकण्याआधीच्या काही गोष्टी सांगते. दोन दिवस दारं उघडी ठेवून वारा खेळू द्या. बूट, जाड हातमोजे, तोंडाला मास्क. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग पुसून घ्या. जंतू धुळीबरोबर नाकात जायला नकोत, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोची लागण होते तीही टळते. कुठल्याही बोटीच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोबणीत, थेट हात घालू नका. बोट आधी उलटी करून काठीनं ठोका. आपल्याकडे विंचू हमखास निघतो, आणि लाल विंचू असेल तर ती गंमत नव्हे. घाम फुटणं, हातपाय गार पडणं, उलटी, यातलं काही दिसलं की थेट सिव्हिल गाठायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवल्यापासून माणसं वाचतात, पण वेळेत पोचली तर. एक युक्ती सांगते : अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी मिळते. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. आदल्या संध्याकाळी शेडमधून ती एकदा फिरवली की कुठं किती पाहुणे आहेत ते कळतं. घोणस किंवा नाग दिसला तर शूरपणा नको, बाहेर या, दार लोटा, सर्पमित्राला बोलवा. त्याचा नंबर आधीच फळ्यावर लिहून ठेवा.

दुसरा धोका डब्यांचा, आणि याकडे कोणाचंच लक्ष नसतं. फायबरच्या बोटी दुरुस्त करायला कधीतरी आणलेलं रेझिन (फायबर जोडणारी राळ), जेलकोट (बोटीच्या वरच्या गुळगुळीत थराचा), कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनरच्या बाटल्या कुठल्यातरी कोपऱ्यात असतात. या पॉलिएस्टर रेझिनचं हार्डनर म्हणजे सेंद्रिय पेरॉक्साइड. ते गार जागी ठेवायचं असतं आणि आपण ते पत्र्याखाली पाच उन्हाळे ठेवलेलं असतं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. म्हणून "सगळे उरलेले डबे एका बादलीत रिकामे करा" असं कोणी उत्साहानं म्हणालं तर त्याचा हात धरा. दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या क्रेटमध्ये, सावलीत न्यायचे. एमआयडीसीत फायबरचं काम करणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला आधी फोन करून दाखवा, त्याला यांची विल्हेवाट रोजची असते. हार्डनरची बाटली फुगलेली दिसली तर झाकण उघडायचं नाही, हलवायची नाही. सगळ्यांना लांब करा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. रेस्क्यू बोटीचं पेट्रोलही त्याच दिवशी शेडबाहेर काढा. आणि यातलं काहीही तळ्यात ओतायचं नाही, हे लिहायला लागतंय याचंच वाईट वाटतं.

आता लाइफ जॅकेट. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या शेडमध्ये जिवाशी थेट संबंध असलेली वस्तू हीच, आणि ढिगात पडलेली असते तीही हीच. जॅकेटाच्या आतल्या कापडावर छापलेलं वाचा. कयाकिंगसाठी बहुतेक ठिकाणी आयएसओ १२४०२-५ प्रकारची, ५० न्यूटन तरणशक्तीची जॅकेटं वापरतात. ही ज्याला पोहता येतं आणि मदत जवळ आहे त्याच्यासाठी. पोहता न येणाऱ्या पाहुण्यांसाठी १०० न्यूटनची वेगळी ठेवा, वेगळ्या दांडीवर, वेगळ्या रंगाच्या फितीची. पण छापलेला आकडा नव्या जॅकेटाचा असतो. फोम वर्षानुवर्षं दाबून ठेवला, उन्हात भाजला की तरणशक्ती कमी होते आणि वरून काही दिसत नाही.

तपासायची सोपी पद्धत सांगते. पन्नास न्यूटन म्हणजे साधारण ५.१ किलोचा भार. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा जवळजवळ सातवा हिस्सा गमावतं. म्हणजे किराणा दुकानातली लोखंडी वजनं, एक पाच किलोचं आणि एक किलोचं, मिळून सहा किलो बांधली की पाण्यात ती पाच किलोच्या थोडी वर भरतात. जॅकेट आधी दोन तास भिजवा, दाबून आतली हवा काढा, मग वजनं बांधून टाकीत सोडा. सहा किलो घेऊन तरंगलं तर राहील, बुडालं तर लाल पट्टी. सोबत पट्टे जोरात ओढून पाहा, बक्कल दहा वेळा उघडबंद करा, शिवण नखानं उचकटून पाहा. आमच्या छत्तीसपैकी अकरा जॅकेटं बुडाली, आणि त्यातली चार दिसायला सगळ्यात चकचकीत होती.

बाद जॅकेट तसंच भंगारात देऊ नका. आम्ही एकदा दिली, पट्टे शाबूत ठेवून. दोन महिन्यांनी उजनीच्या पाण्यावर मासेमारीच्या एका होडीत, सात-आठ वर्षांच्या पोराच्या अंगावर आमच्या क्लबचं नाव असलेलं जॅकेट पाहिलं. त्याच्या बापाला वाटत होतं पोरगं सुरक्षित आहे. त्या दिवशी मी त्याला नवं जॅकेट दिलं, जुनं परत घेतलं, आणि तेव्हापासून बाद जॅकेटाचे सगळे पट्टे कापल्याशिवाय आणि फोमच्या पाट्या काढल्याशिवाय ते शेडबाहेर जात नाही. फोम बोटींच्या ट्रॉलीवर गादी म्हणून लागतो, कापड कचऱ्यात.

बुडणाऱ्याकडे टाकायच्या फेकदोरांचंही तसंच. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो म्हणून वापरतात, पण ऊन त्याला खातं. मुठीत पिळल्यावर हाताला पांढरी भुकटी लागली की तो दोर जीव वाचवायच्या कामाचा राहिला नाही. ताडपत्री बांधायला वापरा. वल्ह्यांचं फार काही नाही : दोन तुकड्यांची वल्ही सोडवून ठेवा, नाहीतर सांध्यात गाळ बसून ती कायमची एक होतात. पात्यांवर नंबर घाला, भिंतीवर खुंट्यांना उभी टांगा. लाकडी असतील तर जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी चढते.

बोटींच्या रॅककडे येते. सगळ्यात जास्त चुका इथं होतात. लोक आधी फॅब्रिकेटरला बोलावतात आणि तो विचारतो, "ताई, किती फुटाचं करू?" आधी बोटी मोजा. शर्यतीची एकेरी कयाक, म्हणजे के-१, जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब आणि किमान १२ किलोची. दुहेरी के-२ साडेसहा मीटर आणि १८ किलो. शिकाऊ मुलांच्या प्लास्टिकच्या बोटी तीन मीटरच्या आसपास, पण वजनानं वीस-पंचवीस किलो. बोटीला आधार कुठं हवा? दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर. म्हणजे तीन मीटरच्या बोटीला दोन आधारांत दीड मीटर अंतर, के-१ ला अडीच मीटरच्या थोडं वर, के-२ ला सव्वातीन मीटर. म्हणून खांब दीड-दीड मीटरवर तीन उभे करा. लहान बोट शेजारच्या दोन खांबांवर बसते, लांब बोट बाहेरच्या दोन खांबांवर. एकच सांगाडा, दोन्ही जाती. खांबातून बाहेर येणारे लोखंडी हात अर्धा मीटर पुरतात, पण टोकाला थोडा उंचवटा ठेवायला सांगा, नाहीतर बोट घरंगळते. दोन मजल्यांत पंचेचाळीस-पन्नास सेंटीमीटर.

रुंद प्लास्टिकची बोट पालथी किंवा कडेवर ठेवा. सरळ, बुडावर ठेवली तर उन्हाळ्यात तिचं बूड आत दबतं आणि मग ती पाण्यात सरळ जात नाही. नाकाला दोरी बांधून छताला टांगायचं तर विसराच.

एक पेच मात्र प्रत्येक क्लबला पडतो. वजनाच्या हिशेबानं जड बोटी खाली, हलक्या वर. पण हलक्या म्हणजे कार्बन-इपॉक्सीच्या, सगळ्यात महाग, आणि वर म्हणजे पत्र्याला लागून, सगळ्यात गरम. साध्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याच्या आतल्या बाजूला हात लावून पाहा, लावून ठेववत नाही. त्यातच बंद डब्यासारखे कप्पे असलेल्या बोटीत हवा कोंडलेली असते. पंचवीस अंशांवरून साठवर गेली की ती बारा टक्क्यांच्या आसपास फुगते आणि सांधा उकलते. म्हणून दोन गोष्टी करा. एक, पत्र्याखालचे दोन फूट बोटींसाठी वापरूच नका. तिथं बोया, झेंडे, लेनच्या दोऱ्या असल्या किरकोळ वस्तू जाऊ द्या, महागड्या बोटी छातीच्या उंचीवर येऊ द्या. दोन, ठेवताना प्रत्येक कप्प्याचं झाकण किंवा बूच उघडं ठेवा. पत्र्यावर पांढरा रंग मारा, आणि जमलं तर वर फूटभर अंतर सोडून शेतीच्या दुकानातलं शेडनेट ताणा. दोन्ही टोकांना छताजवळ जाळीची खिडकी पाडा म्हणजे गरम हवा निघून जाईल. रॅकपेक्षा या कामाला कमी पैसे लागतात आणि फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळतो.

आता सोलापूरकरांच्या एका सवयीविरुद्ध बोलणार आहे, रागावू नका. रॅकच्या लोखंडी हातांवर बोट घासू नये म्हणून प्रत्येक जण घरून जुनी चादर आणतो. आपल्याकडे चादरींना काय तोटा? पण सुती चादर पाणी धरून ठेवते. ओल्या कापडावर महिनोन् महिने बसलेल्या फायबरच्या बोटीवर जेलकोटला फोड येतात, आणि उंदरांना बाळंतपणासाठी मऊ जागा मिळते. हातांवर नायलॉनचा पट्टा गुंडाळा किंवा एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम लावा. चादरी लागतात त्या बोट उचलताना खांद्यावर घ्यायला. टॉवेलच्या कारखान्यातला बाद माल मात्र भरपूर मागून आणा, पुसायला त्याच्यासारखं काही नाही.

रॅक रविवारच्या आधी तयार होऊन आलेला असू द्या, आणि वेल्डिंग शेडबाहेर. आत फोम, रेझिन, पेट्रोलचा वास, त्यात ठिणगी कशाला? आत फक्त बोल्ट मारायचे.

मग येतो रविवार, ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलं होतं, आणि ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं आता फार थोडं उरलंय. शेड एकदम रिकामं करू नका. पहिल्या रविवारी डावी बाजू, दुसऱ्या रविवारी उजवी. पाऊस आला, माणसं कमी पडली, तरी निम्मं शेड जागेवर असतं आणि मंगळवारचा सराव चुकत नाही. मैदानात चार ताडपत्र्या चार रंगांच्या, वर सावलीला मांडवाचं कापड. बंद कप्प्यांच्या बोटी उन्हात ठेवायच्या नाहीत. दाराशी एक माणूस वही घेऊन उभा. आत जाणारी प्रत्येक वस्तू त्याच्यासमोरून जाईल, नंबर लिहूनच जाईल. हा माणूस थोडा कडक हवा. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या. त्यांनी अध्यक्षांनाही एक जुनी छत्री आत नेऊ दिली नाही.

पाण्याचा हिशेब आधी करा. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि बावीस बोटी धुवायच्या म्हटलं की क्लबची टाकी तासाभरात संपते. आधी कोरडा ब्रश, मग ओला टॉवेल, धुणं फक्त ज्या बोटी चिखलानं माखल्यात त्यांचंच. जलपर्णीची मुळं सुकाणूच्या खाचेत, सीटखाली अडकलेली असतात, ती बोटानं काढा आणि कचऱ्याच्या पिशवीत टाका. तीच बोट उद्या हिप्परग्याच्या तलावावर किंवा उजनीला न्याल तेव्हा ती मुळं सोबत न्यायची नाहीत.

मुलांना काम द्या, पण उचलण्याचं नको. वल्ही मोजणं, नंबर रंगवणं, जॅकेटं हँगरवर लावणं हे ती मोठ्यांपेक्षा नीट करतात. त्यांना मागच्या कोपऱ्यात काय होतं ते दिसलं पाहिजे, हेही एक कारण. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी हजार मीटर दुहेरी कनूत (एका गुडघ्यावर बसून, एकाच पात्याच्या वल्ह्यानं चालवायची बोट) कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आमची दोन पोरं माझ्याकडे आली : "ताई, आपल्याकडं कनू नाही का?" होती. दुहेरी कनू होती, पाच वर्षांपासून प्लास्टिकच्या बोटींच्या ढिगाखाली. रजिस्टरला नोंद नव्हती म्हणून कोणाला आठवत नव्हती. काढली तेव्हा बूड दबून आलेलं. दुरुस्तीला चार महिने गेले.

उचलताना एकेरी बोटीलाही दोघं, दुहेरीला तिघं, आणि "उचला" एकानंच म्हणायचं. दोन तासांनी थांबायचं. चहा-बिस्किटांवर माणसं टिकत नाहीत. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा हे साडेनऊला समोर आलं की अकरापर्यंत कोणी हलत नाही. हे मी अनुभवानं सांगते आणि खर्चाच्या वहीतही तसंच लिहिते.

फायबरच्या फुटक्या बोटी भंगारवाला सहसा घेत नाही, त्याला त्यात काही मिळत नाही. कापाव्या लागल्या तर पाणी मारत कापा, मास्क लावून, कारण ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. एखादी सुबक असेल तर शाळेला बागेत माती भरून ठेवायला द्या. त्या अण्णांच्या बोटीचं शेवटी आम्ही तेच केलं, तिच्यात आता गुलबक्षी आहे आणि पहिल्या बॅचची नावं बाजूला रंगवलीत. प्लास्टिकच्या बोटी मात्र वजनावर जातात. भंगारवाल्याला दुसऱ्या रविवारी साडेदहाला बोलवा, सकाळी सातला नाही. सातला आला तर तो हिरव्या पट्टीच्या वस्तूंनाही भाव सांगत फिरतो.

दाराच्या आतल्या उजव्या हाताचा कोपरा शेवटी रिकामा राहील. तो रिकामा ठेवू नका, पसारा परत सुरू होतो तो नेहमी तिथूनच. "दोन मिनिटं ठेवतो" म्हणून पहिली पिशवी तिथं पडते. आम्ही तिथं स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी लावली, वर पाटी : इथं काहीही ठेवू नये. तीन आठवड्यांनी गेले तर स्ट्रेचरवर कोणीतरी कांद्याचं पोतं ठेवलं होतं. विचारलं तर कळलं, अण्णांचं.